टायफॉइड झालेली मुलगी

"मॅडम, एक इनंती हाय," भूपालअण्णा म्हणाले. "तुमी आमाला वळखत न्हाईसा."

द्राक्षांची पेटी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली होती आणि तिच्याआडून ते हे बोलत होते. भूपाल मगदूम, तासगावकडचे मोठे द्राक्षबागायतदार. त्यांची मुलगी पद्मजा सहा वर्षांची असताना रक्ताचा कॅन्सर घेऊन माझ्याकडे आली होती आणि बरी होऊन गेली होती. उपचारांचं पहिलं वर्ष हा धिप्पाड माणूस आमच्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावरच राहायला होता म्हटलं तरी चालेल.

"बरं," मी म्हटलं. "कधीपासून ओळखत नाही?"

"आजपास्नं. म्हंजे... पयल्यापास्नंच."

"पद्मजाचं लग्न जमतंय वाटतं."

अण्णा दचकले. "कुनी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? घरात लग्न निघालं की माझी ओळख बुडते. तुम्ही काही पहिले नाही."

ते ओशाळून हसले आणि खुर्चीत जरा सैल बसले. "स्थळ लई चांगलं हाय बगा. इस्लामपूरचं चौगुले. आपल्या जैनातलंच घर. पोरगा पुन्यात इंजिनेर. वडील न्हाईत, आई हेडमास्तरीण. पर बाई लई चिकित्सक! पद्मजाची ल्हानपनी शाळा बुडलेली, ते कुनीतरी त्येंच्या कानावर घातलंय. आता जिल्ह्यात लेकरांच्या रक्ताच्या दुखन्याच्या डाक्टर तुमीच. म्हंजे बाई चौकशीला हितं येनार."

"शाळा का बुडली म्हणून सांगितलंय तुम्ही?"

"टायफॉइड."

"आणि केस गेले ते?"

"टायफॉइडनंच."

आमच्या जिल्ह्यात टायफॉइडने केस गेलेल्या मुली फार. इतका भयंकर टायफॉइड कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात सापडायचा नाही. मुलग्यांची गोष्ट वेगळी. त्यांना टायफॉइड होत नाही, ते बोर्डिंगला गेलेले असतात.

"पोरगं बाकी एकदम निरोगी," अण्णा अभिमानाने म्हणाले. "बोर्डिंगला वाढलेलं. आयुष्यात दवाखान्याची पायरी चडलं न्हाई."

"नाव काय मुलाचं?"

"श्रेणिक."

मी पेटीतलं एक द्राक्ष तोंडात टाकलं. चेहऱ्याला काहीतरी काम देणं गरजेचं होतं.

श्रेणिक चौगुले नववीत असताना मानेतल्या गाठींच्या कॅन्सरने माझ्याकडे आला होता. पद्मजा बरी होऊन गेल्यानंतर काही वर्षांनी. दोन्ही घरांनी एकमेकांना बाकड्यावर कधी पाहिलं नव्हतं. श्रेणिकची आई, त्रिशलाबाई, त्याला सलाइन चालू असलं की बाहेर बाकड्यावर बसून शाळेचे पेपर तपासायच्या. एकाही मुलाला एक मार्क जास्त मिळायचा नाही, मग आत काहीही होत असो.

अण्णा द्राक्षं घेऊन आले त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. त्याच्या वीसेक वर्षं आधी मुंबईचं मोठं हॉस्पिटल सोडून सांगलीच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आले, तेव्हा लोकांना वाटलं की तिकडे काहीतरी लफडं केलं असणार. लहान मुलांचा कॅन्सर बघायला कुणी आपण होऊन येतं, यावर कुणाचा विश्वासच बसेना. सुरुवातीची वर्षं वाईट गेली. मुलं उशिरा यायची, अर्ध्यातून उचलून नेली जायची, दगावायची. मग हळूहळू दिवस पालटले आणि बरी होणारी मुलं जास्त झाली. तेव्हापासून माझ्या संशोधनाचा विषय एकच. बरं झाल्यावर पुढे काय? ज्या औषधांनी मूल वाचवलं तीच औषधं त्याच्या हृदयाचं, उंचीचं, पुढे होणाऱ्या मुलाबाळांचं काय करतात? हे कळायचं तर बरं झालेल्या माणसाने वर्षातून एकदा येऊन मला तोंड दाखवायला हवं. घोडं तिथेच पेंड खात होतं. दगावलेल्या मुलांचे आईबाप मला दिवाळीला आठवणीने फोन करतात. बरी झालेल्यांचे आईबाप मंडईत मी समोर दिसले की पलीकडच्या बाजूची वांगी बघायला लागतात. म्हणून मीही नियम करून टाकला होता, दवाखान्याबाहेर आपण होऊन कुणाला ओळख द्यायची नाही.

अण्णा आले त्या सुमाराला मात्र माझं नशीब उघडलं होतं. अठरा-वीस वर्षांच्या पुढची मुलं अचानक नेमाने तपासणीला यायला लागली. एकटी यायची, वेळेवर यायची, वर तपासणी झाल्यावरही रेंगाळायची. आम्ही वाढदिवसाला त्यांना फोन करायला सुरुवात केली होती, त्याचाच हा परिणाम असं मी ठरवून टाकलं. दिल्लीच्या परिषदेत छान चढता आलेख दाखवला. एका परदेशी प्राध्यापकाने माझा हात हातात घेऊन म्हटलं की हे आमच्याकडेही करून बघायला हवं.

अण्णा येऊन गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यात या मोठ्या मुलांची ओपीडी होती. शेवटचा पेशंट गेल्यावर दार ढकलून पद्मजा आत आली आणि तिच्यामागून श्रेणिक.

"एकेक जण," मी म्हटलं.

"आम्ही एकत्रच आलोय, मॅडम," पद्मजा म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. ही मुलगी सहा वर्षांची असतानाही परवानगी विचारायची नाही.

"म्हणजे तुम्ही एकमेकांना ओळखता?"

"चार वर्षं झाली," श्रेणिक म्हणाला. "इथेच ओळख झाली. बाहेरच्या बाकड्यावर."

"आणि ते स्थळ? ती मध्यस्थी?"

"मीच माझ्या मावशीच्या हातात हिचा बायोडाटा पडेल असं केलं. मावशीला वाटतंय तिने शोधून काढलं."

"मॅडम, बघायच्या कार्यक्रमात याने मला विचारलं, तुमचे छंद काय," पद्मजा म्हणाली. "मला हसू आवरेना. पोह्यांची बशी घेऊन आत पळाले. याच्या आईला वाटलं, मुलगी फार लाजाळू आहे."

मी खूप दिवसांनी मोठ्याने हसले. मग एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे तू दर वर्षी नेमाने येत होतीस ते..."

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. श्रेणिकने खाली मान घातली.

"आम्हीच नाही, सगळेच," पद्मजा म्हणाली. "आमचा एक ग्रुप आहे. तपासणी झाली की आम्ही कँटीनमध्ये बसतो. दुपारपर्यंत. मॅडम, घरी कुणाशी बोलायची सोय नाही हो. हॉस्टेलवर सांगायला मला टायफॉइड, याला बोर्डिंग. इथे आलं की टायफॉइड झालेलं कुणी नसतं."

"आणि वाढदिवसाचे फोन?"

"ते चांगले असतात," श्रेणिक घाईघाईने म्हणाला. माझा चढता आलेख सहा रुपयांच्या चहावर उभा होता, हे त्या परदेशी प्राध्यापकाला कळवायचं मी अजून मनावर घेतलेलं नाही.

मी दोघांना गंभीरपणे विचारलं, की श्रेणिकच्या औषधांमुळे मूल व्हायला अडचण येऊ शकते हे हिला ठाऊक आहे का. पद्मजाने सांगितलं की ठाऊक आहे, तिच्या हृदयाची तपासणी जन्मभर करावी लागेल हे त्यालाही ठाऊक आहे. ती म्हणाली, "आमच्याइतकं एकमेकांचं सगळं बघून लग्न कुणी केलं नसेल, मॅडम."

"मग घरी सांगून टाका सरळ. दोघांचेही आईबाप याच दवाखान्यातून गेलेत. त्यांना नाही कळायचं तर कुणाला कळणार?"

"आईला सांगितलं तर ती नाही म्हणेल," श्रेणिक म्हणाला.

"अरे, तिचा स्वतःचा मुलगा..."

"म्हणूनच नाही म्हणेल."

मला ते तेव्हा कळलं नाही. पद्मजा उठली, जाताना माझ्या टेबलाच्या कडेला हात टेकवून उभी राहिली. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "त्या तुमच्याकडे येतील, मॅडम. मी तुमची पेशंट होते हे कळलं तर लग्न तर मोडेलच, पण का मोडलं ते चार गावांत पसरेल. बाबा ते सहन करणार नाहीत. याच्यासारखा मला दुसरा मिळायचा नाही."

"मी पेशंटबद्दल कुणालाही काही सांगत नाही, हे तुला माहीत आहे."

"ते माहीत आहे," ती म्हणाली आणि सुस्कारा सोडला. तो सुस्कारा कशासाठी, हे त्रिशलाबाई आल्यावर समजलं.

त्या शनिवारी सकाळची शाळा करून आल्या. ओपीडी संपेपर्यंत बाहेर गाडीतच बसून राहिल्या होत्या. आत येताच त्यांनी दार लावून घेतलं, कडी नीट बसली का ते हाताने पाहिलं आणि मग म्हणाल्या, "जयजिनेंद्र, मॅडम. वेळ घेत नाही. एकच विचारायचंय. तासगावकडच्या मगदुमांची पद्मजा तुमच्याकडे होती का?"

मी माझं नेहमीचं वाक्य काढलं. "मी पेशंटबद्दल काही बोलत नाही, बाई."

"म्हणजे होती."

"मी असं म्हटलेलं नाही. श्रेणिकबद्दल कुणी विचारलं तरी मी हेच सांगेन."

त्या ताडकन पुढे झुकल्या. "असं सांगता तुम्ही? सगळ्यांना?"

"हो. सगळ्यांना."

"मॅडम, कमाल आहे तुमची! अहो, पेशंट नसला तर माणूस सरळ नाही म्हणेल ना? तुम्ही हे वाक्य म्हटलंत की झालं, समोरच्याला हवं ते कळलं."

इतकी वर्षं मी त्या वाक्याच्या जिवावर ताठ मानेने जगत होते. एका हेडमास्तरणीने अर्ध्या मिनिटात त्याला शून्य मार्क देऊन टाकले.

"समजा होती," मी जरा चिडूनच म्हटलं. "समजाच. एखादी मुलगी लहानपणी आजारी पडली, बरी झाली, शिकली, नोकरी करते. तिच्यात काय कमी आहे? हे मला दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी समजू शकले असते. तुम्ही विचारता?"

"मीच विचारणार." त्यांचा आवाज चढला नाही. "दुसऱ्या बाईला काय माहीत असतं? कॅन्सर म्हणजे नुसता शब्द. मला माहीत आहे. त्याला उलट्या व्हायच्या तेव्हा मी बाहेर पेपर तपासत बसायचे. तुम्हाला वाटलं असेल, काय कोरडी बाई आहे. मला आजही विचारलंत तर त्यातलं एक उत्तर आठवत नाही. मी नुसती बरोबर-चूक, बरोबर-चूक करत होते, हात थांबला असता तर मी ओरडले असते." त्या थांबल्या. "तुम्ही बरं करता आणि दुसऱ्या पेशंटकडे जाता. तुमचं बरोबरच आहे. पण आमच्या घरात ते जात नाही हो. अजून त्याला साधा ताप आला तरी मी मान चाचपून बघते त्याची. उद्या सून आणली आणि तिच्याही बाबतीत हेच करत बसायचं? त्या बाकड्यावर परत बसायची ताकद नाही माझ्यात. मला एक धडधाकट मुलगी हवी आहे. एवढंच मागतेय मी देवाकडे."

मला श्रेणिकचं बोलणं आता कळलं. या बाईवर रागवायचं ठरवून बसले होते, आता राग येईना. पण पद्मजा टेबलाच्या कडेला हात टेकवून उभी होती, तेही डोळ्यांपुढून जाईना.

"ठीक आहे," मी म्हटलं. "तुमच्यात ताकद नाही. मग श्रेणिकला मुलगी देणाऱ्या आईबापांत ती असायला हवी का?"

त्या दाराच्या कडीकडे बघायला लागल्या.

"त्यांनाही धडधाकट जावई हवा असेल. त्यांनीही देवाकडे तेवढंच मागितलं असेल. तुम्ही त्यांना काय सांगितलंत? बोर्डिंग."

"श्रेणिक चांगला आहे आता. तुम्हीच सांगितलंय."

"मी ज्यांच्याबद्दल असं सांगितलंय ते सगळे चांगले आहेत."

बाहेर कुणीतरी लहान मूल रडत होतं आणि सिस्टर त्याला गाणं म्हणून दाखवत होत्या. त्रिशलाबाईंनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"बाई," मी म्हटलं, "उद्या मगदूम इथे आले, याच खुर्चीत बसले आणि म्हणाले, चौगुल्यांचा श्रेणिक तुमच्याकडे होता का? तर मी काय सांगू? तुम्ही म्हणाल ते सांगते."

"नाही म्हणा," त्या लगेच म्हणाल्या. "मॅडम, हात जोडते. ते तुमचं वाक्य नको. स्पष्ट नाही म्हणा."

"खोटं बोलू?"

"बोला. एका आईसाठी बोला."

"बोलेन. आता मघाशी तुम्ही मला जे विचारलंत, त्याचं काय उत्तर देऊ?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. आयुष्यभर वर्गाला प्रश्न विचारलेल्या माणसाला उत्तर द्यायची पाळी आली की कसं होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांचे डोळे भरले, ओठ घट्ट मिटले. माझ्या मते त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळल्यानंतर काय करायचं ते त्या ठरवत होत्या. घाई करायची नाही एवढं मला माझ्या कामाने शिकवलेलं आहे.

"मलाही," त्या शेवटी म्हणाल्या, "नाहीच सांगा."

"मगदुमांची पद्मजा? नाही. अशी मुलगी माझ्याकडे कधीच आली नाही."

त्यांनी मान डोलावली. उठल्या, पदर सारखा केला, दाराशी गेल्या. कडी काढताना मागे न बघता त्यांनी हळूच विचारलं, "आता काही त्रास नाही ना तिला?"

"कुणाला?" मी विचारलं.

त्यांच्या पाठीवरून मला कळलं की त्या हसल्या.

लग्न ठरलं. ठरल्याची बातमी द्यायला भूपालअण्णा पुन्हा आले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. या वेळी त्यांनीही दार आतून लावून घेतलं. माझ्या खोलीची कडी त्या वर्षी जेवढी वापरात आली तेवढी आधी कधी आली नसेल.

"बाई आलत्या न्हवं? काय सांगितलंसा?"

"तुम्ही सांगितलं तेच. ओळखत नाही म्हटलं."

"बगा!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "चौकशी करून करून काय घावलं? काय बी न्हाई. आता बाई सगळ्यांस्नी सांगत्यात, पोरगी एकदम निरोगी हाय म्हनून. आनि जावई बी तसाच गावला, मॅडम. देवानं आमचं पांग फेडलं."

मी तोंडभरून अभिनंदन केलं. मग ते घुटमळले. पत्रिका खिशातून अर्धी बाहेर काढली आणि तशीच धरून ठेवली.

"मॅडम, राग मानू नगा..."

"लग्नाला येऊ नको?"

"लोकं इचारत्यात ओ, ह्या कोन. त्येंच्याकडनं सगळा मास्तर लोकांचा गोतावळा. कुनीतरी तुमाला वळकनारच."

त्रिशलाबाईंनी श्रेणिकबरोबर आधीच असाच निरोप पाठवला होता, फार गोड शब्दांत. नवरीला मी कडेवर घेतलेलं होतं, नवऱ्याला हाताला धरून चालवलेलं होतं, दोघांची रक्तं मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघितली होती, आणि त्या मांडवात मला तेवढी मनाई होती. वाईट वाटलं. खरं सांगायचं तर चांगलंच वाईट वाटलं. पण माझ्याशिवाय त्यांचं काहीही अडू नये, यासाठीच तर मी एवढा खटाटोप केला होता. आता तक्रार कुणाकडे करणार?

"नाही येत," मी म्हटलं. "निवांत लग्न करा."

त्यावर अण्णा एकदम खाली वाकले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्यापेक्षा वयाने मोठा, पागोटं बांधणारा माणूस. मी मागे सरकायच्या आत ते उठलेही. रुमालाने तोंड पुसलं, कडी काढली आणि व्हरांड्यात लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बरं डाक्टर, पुतन्याला पाठवून देतो, द्राक्षाच्या दराचं त्यो बोलंल तुमच्यासंगं!" या दवाखान्यात त्यांचं स्वतःचं काही काम नाही, हे साऱ्या बाकड्याला कळलं.

मी दारात उभी राहून त्यांना जाताना बघत होते. बाकड्याच्या टोकाला एक बाई बसली होती, जतकडची, आदल्या दिवशीच आलेली. तिच्या मांडीवर तीन वर्षांची मुलगी झोपली होती. मुलीचं नाव अजून मला पाठ झालेलं नव्हतं. दोन दिवसांत भेटेल त्या माणसाला ही बाई एकच गोष्ट विचारत होती. मला विचारून झालं होतं, सिस्टरना विचारून झालं होतं. आम्ही सांगितलेलं तिला पटत नव्हतं, आमचं ते कामच आहे असं तिला वाटत असावं. तिने अण्णांचं धोतर जवळजवळ धरलंच.

"दादा, तुमचं बी लेकरू हितंच हाय व्हय? बरं हुतंय का ओ हितं कोन?"

"न्हाई, न्हाई," अण्णा म्हणाले. "माजं कोन न्हाई हितं. मी असाच आलतो."

ते भराभर जिन्यापर्यंत गेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबले. कठड्याला धरून इतका वेळ थांबले की मला वाटलं, चक्कर आली की काय. मग वळले. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना पाहिलं, ओळखीचं कुणी नाही याची खात्री केली आणि परत येऊन त्या बाईशेजारी बाकड्यावर बसले. अर्धवट बाहेर आलेली पत्रिका त्यांनी खिशात खोल सारली.

"ऐक," ते हळू आवाजात म्हणाले. "माज्या वळकीत एक पोरगी हाय. ह्येच दुखनं हुतं. तुज्या पोरीपरास वाईट. हितंच बरी झाली. येत्या आयतवारी लगीन हाय तिचं."

बाईने मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं, मग अण्णांकडे. "खरं सांगतायसा?"

"देवाशपथ."

"कुनाची वो पोरगी?"

अण्णांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि डोळे पुसले.

"हाय एकाची," ते म्हणाले.